किल्ली नसलेल्या बेड्या

आधी मामांबद्दल लिहितो, मग बाकीचं. मामा म्हणजे आमच्या साइटच्या, म्हणजे आम्ही राखायचो त्या ऑफिसच्या इमारतीच्या, मागच्या, मालाच्या गेटवर बसणारे म्हातारे गार्ड. पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतून रोज जुन्या स्कूटरवर खराडीला येणारे. पुण्यात पोलिसाला मामा म्हणतातच, त्यामुळे सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझ्यासारख्या, घरापासून चारशे-साडेचारशे किलोमीटर लांब पडलेल्या माणसाला मात्र त्या शब्दाचा आधार वाटायचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. एवढंच लिहितो, की त्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी किल्ली नसती, तर एका निरपराध माणसाचा उजवा हात निकामी झाला असता. आणि तो मी केला असता.

मी वाशिम जिल्ह्यातला. नववीत गणितात दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं. गावातला एक जण पुण्याला होता, त्याच्या मागे आलो. तेव्हा खराडीत अर्धी शेतं होती आणि अर्ध्या काचा. एकेक इमारत उभी राहायची, तिच्यात कॉम्प्युटरवाले यायचे, आणि त्यांच्या दारात उभं राहायला आमच्यासारखे लागायचे. सिक्युरिटी एजन्सीनं मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं: एक दिवस सलाम, एक दिवस रजिस्टर. तिसऱ्या दिवशी गेटवर. चंदननगरला एका खोलीत आम्ही सहा जण, सगळे वाशिम-अकोल्याकडचे. मला तेव्हा एकच भीती होती, रोज, बूट घालताना: आज कुणीतरी म्हणेल, उद्यापासून येऊ नको. त्या भीतीपायी मी काय काय ‘येस सर’ म्हटलं ते आठवलं की आज अंगाची लाही होते.

बेड्या आल्या त्याचं कारण अगदी फालतू होतं. ज्या कंपनीची इमारत आम्ही राखायचो तिला आम्ही ‘क्लायंट’ म्हणायचो. त्या क्लायंटचे ॲडमिन मॅनेजर एकदा म्हणाले, की तुमचे गार्ड ऑफिसातल्या शिपायांसारखे दिसतात. झालं. आमचे फील्ड ऑफिसर, म्हणजे एजन्सीच्या आठ-दहा साइटवर मोटरसायकलनं फिरून आमच्यावर नजर ठेवणारे साहेब, पुढच्याच आठवड्यात पिशवीभर चकचकीत बेड्या घेऊन आले. पुढच्या गेटवरच्या चौघांच्या पट्ट्याला एकेक लटकवली. पहिल्याच आठवड्यात एकाकडून किल्ली हरवली. तेव्हा साहेबांनी उरलेल्या तिन्ही किल्ल्या गोळा केल्या आणि आपल्या मोटरसायकलच्या किल्लीच्या कड्यात अडकवून टाकल्या. हरवायला नकोत म्हणून.

म्हणजे बेड्या आमच्या कमरेला, खराडीत. किल्ल्या साहेबांच्या खिशात, ते असतील तिथे. कधी हडपसर, कधी हिंजवडी.

यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. कारण त्या बेड्या कुणाला घालायच्या असतात असं आमच्या डोक्यातच नव्हतं. त्या मॉक ड्रिलसाठी होत्या. महिन्या-दोन महिन्यांनी क्लायंटची मोठी माणसं व्हिजिटला आली, की आम्ही लॉबीत एक नाटक करायचो. एक गार्ड चोर व्हायचा, पिशवी घेऊन पळायचा. दोघं त्याला धरायचे, हात मागे घेऊन बेड्या घालायचे, गुडघ्यांवर बसवून तोंड भिंतीकडे करायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे, मग चहा. चहा होईपर्यंत चोर तसाच भिंतीकडे तोंड करून. मग फील्ड ऑफिसर ऐटीत किल्ली काढायचे आणि चोर उठून सलाम ठोकायचा.

तो चोर दरवेळी मी असायचो. काळा, किडकिडीत, त्यात ‘का’ला ‘काहून’ म्हणणारा. साइटवरचा आमचा सुपरवायझर म्हणायचा, तुला मेकअप लागत नाही. सगळे हसायचे. मीही हसायचो. आपल्याच माणसाचं मनगट म्हणून घालणारा बेड्या सैल घालायचा, इतक्या सैल, की मी हात काढून नाक खाजवू शकलो असतो. आमचं बेड्यांचं सगळं शिक्षण ते एवढंच.

आता त्या माणसाबद्दल. लोणी काळभोरकडून एक रोपवाटिकेवाले यायचे. ऑफिसात कोपऱ्याकोपऱ्यात कुंड्या असतात ना, त्या बारा महिने तिथेच नसतात. एसीत आणि ट्यूबलाइटखाली झाडं पिवळी पडतात. हे काका दर सोमवारी टेम्पोतून ताज्या कुंड्या आणायचे आणि पिवळ्या पडलेल्या उन्हाला परत न्यायचे. पन्नाशीचे, पांढरी टोपी, नखांत माती. गेटवर थांबले की माझ्याशी दोन शब्द बोलायचे. एकदा मला मिरचीचं रोप दिलं होतं, खोलीच्या खिडकीत ठेव म्हणून. मला ‘वाशिमकर’ म्हणायचे. पुण्यात माझ्या गावाला एवढा मान दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरच्या एका साहेबांचा लॅपटॉप जागेवर नव्हता. साहेबांनी ॲडमिनला सांगितलं, ॲडमिननं गेटला. बाहेरचं कोण आलंय, असं विचारलं, तर तिसऱ्या मजल्यावर बाहेरचे फक्त कुंडीवाले काका जाऊन आले होते. टेम्पो गेटवरच उभा होता. सुपरवायझरनं सगळ्या कुंड्या उतरवायला लावल्या, दोन कुंड्यांतली माती उपसून पाहिली. लॅपटॉप नाही. मग तर संशय आणखी वाढला. म्हणे आधीच कुणाच्या तरी हाती बाहेर काढला असणार. त्यानं फील्ड ऑफिसरना फोन लावला. फोन कानाला धरून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “साहेब म्हणतायत कफ करून बसव. ते येतातच आहेत.”

पुढे जे केलं ते मी केलं. हे मी लपवत नाही. काका म्हणाले, “आरं वाशिमकर, पळून कुठं जानार मी? गाडी हितं हाय, झाडं तुमच्याच हापिसात हायत.” मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खरी गोष्ट लिहायची तर लिहितो: त्या क्षणी मला जरासं बरंही वाटलं, की आज चोर मी नाही. ड्रिलमध्ये करायचे तसे त्यांचे हात मागे घेतले. फरक एवढाच, की हे नाटक नव्हतं म्हणून मी सैल घातल्या नाहीत. किल्लीचं भोक आत, कोपराकडे. तेही मला माहीत नव्हतं की उलटं झालंय. गेटजवळच्या कट्ट्यावर त्यांना बसवलं, तोंड भिंतीकडे.

ज्या बेड्या आम्हाला दिल्या होत्या त्यांचं एक आहे: त्या आपोआप सैल होत नाहीत, पण आपोआप आवळतात. दात्यांची पट्टी एकेक घर पुढे सरकते. माणूस टेकला, कुशीवर झाला, नुसता मान वळवायला वाकला, की ‘टक्’. ते थांबवायला त्यांच्यातच एक दुसरं कुलूप असतं, किल्लीच्या टोकानं एक बारीक खीळ दाबायची, मग पट्टी ना पुढे ना मागे. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी किल्ली कुठे होती?

पहिल्या अर्ध्या तासात काका दोनदा म्हणाले, आवळतंय. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, चोराला आवळणारच. जेवणाची वेळ झाली, वरून पोरं-पोरी गळ्यात ओळखपत्रं अडकवून खाली आली. काही थांबून बघत होती. काकांनी टोपी पुढे ओढता येत नाही म्हणून मानच खाली घातली, त्यासरशी पुन्हा ‘टक्’. मी मागून बघितलं तर उजव्या हाताची बोटं सुजून जांभळी झालेली. मी परत सुपरवायझरकडे गेलो. त्यानं साहेबांना फोन केला. साहेब हिंजवडीत होते. ट्रॅफिक आहे, म्हणाले. मी म्हटलं, पोलिसांना बोलवू या, निदान ते तरी काढतील. सुपरवायझर माझ्यावर खेकसला, क्लायंटच्या गेटवर पोलिसांची गाडी आणतो का, नोकरी नको झालीय?

नोकरी हवी होती. म्हणून मी गप्प बसलो. आणखी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

काका त्यानंतर एकदाच म्हणाले, “अंगठा कळंना झालाय.” पुढे मला समजलं की त्यांच्या रोपवाटिकेत गुलाबाचे डोळे तेच भरायचे. जंगली गुलाबाच्या फांदीला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा तिच्यात सरकवायचा, आणि साल कितपत सुटलीय ते अंगठ्यानं चाचपायचं. डोळ्यांना दिसत नाही ते अंगठ्याला कळतं. घर त्या अंगठ्यावर चालायचं.

पाऊण वाजता मामा मागच्या गेटवरून मालाचं रजिस्टर द्यायला पुढे आले. गर्दी बघून थांबले. काकांच्या मागे उकिडवे बसले, चष्मा वर केला, हात बघितला. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, “छान. दागिना घालून झाला. मंगलाष्टकं कधी आहेत?”

सुपरवायझर सांगू लागला की चोरीची केस आहे, साहेब किल्ली घेऊन हिंजवडीहून निघालेत.

“निघालेत का? मग येतील की. दिवाळीच्या आत.”

आणि त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशाला लावलेली सेफ्टी पिन काढली. तिला ती किल्ली होती. ज्या आठवड्यात आमच्या पट्ट्यांना बेड्या दिसल्या, त्या आठवड्यात मामांनी कॅम्पातल्या युनिफॉर्मच्या दुकानातून तसल्या बेड्यांची किल्ली आणून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ही माणसं एक दिवस कुणाला तरी अडकवणार, एवढं त्यांना आम्हाला बघूनच कळलं होतं.

भोक आतल्या बाजूला आणि वर सूज. मांस एका बोटानं दाबून धरत त्यांनी किल्ली घातली. त्या वेळी ते काकांना सारखे म्हणत होते, “साहेब, आपण जरा पुढं वाका. झालंच. आपण हलू नका.” साहेब. आपण. दोन तासांत त्या माणसाशी असं बोलणारे ते पहिलेच. बेड्या सुटल्या तेव्हा मनगटावर दोन खोल रेघा होत्या, आणि काका आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत होते. दुसऱ्याचा असावा तसा.

सुपरवायझर आडवा आला, याला सोडता येणार नाही म्हणाला. मामा उभे राहिले. उंचीनं लहानच होते.

“तुम्ही चोरी होताना बघितलीत?”

त्यानं आम्हा गार्डांकडे बघितलं.

“कुणीच नाही. डोळ्यांदेखत मोठा गुन्हा झाला तर कुणालाही धरता येतं, आणि धरलं की लगेच पोलिसांच्या हवाली करायचं. नुसत्या संशयावर तुम्ही माणूस बसवून ठेवला, तर गुन्हा तुमचा. आणि बेड्या तर आम्हालासुद्धा, अंगावर खाकी असताना, कोर्टाला विचारल्याशिवाय घालता येत नव्हत्या. तुम्हाला कुणी परवानगी दिली? ॲडमिननं?” मग खिशातून फोन काढला. “लावू का मी चौकीला? ओळखीचे आहेत.”

सुपरवायझर बाजूला झाला.

काकांना टेम्पोची किल्लीही फिरवता येईना. तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला मामाच टेम्पो चालवायला बसले, आपलं गेट जोडीदाराला सांभाळायला सांगून. निघताना खिडकीतून मला म्हणाले, “ऑकरन्स बुक काढ. आत्ताच्या आत्ता लिही. साहेब यायच्या आत. घडलं तसं, तुझ्या शब्दांत.”

ऑकरन्स बुक म्हणजे गेटवर काय घडलं त्याची वही. तिच्यात रोज आम्ही ‘सर्व ठीक’ लिहायचो. मी लिहायला बसलो. किती वाजता घातल्या, कुणी सांगितलं, किल्ली कुठे होती, काका किती वेळा म्हणाले, मी काय केलं. पान भरलं. शुद्धलेखनाची बोंबच होती, ऱ्हस्व-दीर्घ तर मला अजूनही जमत नाहीत, पण एक शब्द खोटा नव्हता.

दीड वाजता लॅपटॉप सापडला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या साहेबांनीच शुक्रवारी संध्याकाळी तो दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्यांकडे काहीतरी टाकून घ्यायला दिला होता आणि विसरले होते. ॲडमिन मॅनेजर गेटवर आले, म्हणाले, “ओके, इश्यू रिझॉल्व्ह्ड,” आणि लिफ्टकडे गेले. कट्ट्याकडे त्यांनी बघितलंही नाही. तिथे उपसलेल्या मातीचा ढीग होता, आणि दोन झाडं मुळांसकट आडवी.

अडीचला फील्ड ऑफिसर आले. त्यांनी टाइप केलेला कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं की व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारे काका, अंगावर आला, म्हणून गार्डनं स्वतःच्या मनानं बेड्यांचा वापर केला. खाली माझ्या सहीची जागा. साहेब गोड बोलले. सही केली तर मोठ्या साइटवर टाकतो म्हणाले. नाही केली, तर युनिफॉर्म जमा करून टाक. मी म्हटलं, मी वहीत लिहिलंय. त्यांनी वही ओढली, वाचली, आणि पान फाडायला हात घातला. पानांवर छापील नंबर होते. पान गेलं असतं तर नंबर ओरडला असता. त्यांनी वही आपटली आणि मला आईवरून शिवी दिली. मी सही केली नाही. शूर म्हणून नाही. पण मामा परत येऊन विचारतील, आणि मला त्यांच्याकडे बघावं लागेल, ही भीती साहेबांच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

चारला मामा आले. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली: नस दबली आहे, संवेदना कधी येईल सांगता येत नाही. मग माझं पान वाचलं, खाली सही केली, वेळ टाकली, आणि म्हणाले, “अक्षर घाण आहे. मजकूर चांगला आहे.”

पुढचे चार दिवस मामांनी मला मागच्या गेटवर चहाच्या वेळी शिकवलं. शिकवलं म्हणजे, त्यांनी त्या बेड्या माझ्याच हातात घातल्या, खिळीचं कुलूप न लावता, आणि म्हणाले, आता खाली पडलेलं रजिस्टर उचल. दोनदा ‘टक्’ झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, आता कळलं काका काय सांगत होते? मग एकेक सांगितलं. मनगटाच्या हाडावर नाही, त्याच्या वर, कोपराकडच्या बाजूला. बेडीच्या आत करंगळीचं टोक गेलं पाहिजे. किल्लीचं भोक दिसेल असं. दुसरं कुलूप लावल्याशिवाय हात सोडायचा नाही. दर थोड्या वेळानं बोटांचा रंग बघायचा, विचारायचं. बेडी घातलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. तो पडला तर त्याला हात टेकता येत नाहीत. घालणाऱ्याच्याच खिशात किल्ली, नाहीतर हातच लावायचा नाही. आणि शेवटी म्हणाले, “हे सगळं शिकवलं ते तू घालावीस म्हणून नाही. तुझं काम गेट बघायचं आणि फोन करायचं. शिकवलं ते अशासाठी, की कुणी ‘घाल’ म्हटलं तर ‘का घालायची नाही’ ते तुला सांगता यावं.”

पाचव्या दिवशी त्यांना पत्र आलं. गेट सोडून गेले, शिस्तभंग, सेवा समाप्त. निरपराध माणसाला दवाखान्यात नेलं म्हणून. ज्यानं फोनवरून बेड्या घालायला लावल्या त्याला काही झालं नाही. ज्यानं कुंड्या उपसल्या त्याला काही झालं नाही. काकांचं कुंड्यांचं काम बंद केलं, उगाच कटकट नको म्हणून. काकांनी चौकीत अर्ज दिला होता आणि वहीत माझं पान होतं, म्हणून मला काढायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या साइटवर फेकलं. आमच्या पट्ट्यांवरच्या बेड्या काढून घेतल्या, आणि दोन महिन्यांनी परदेशातून पाहुणे येणार म्हटल्यावर पुन्हा लावल्या. किल्ल्या? साहेबांच्या कड्यात.

मी सुटीच्या दिवशी लोणीला जायचो. काकांची बायको गुलाबाला डोळे भरायची आणि काका शेजारी उभे राहून सांगायचे. मला कधी बोलले नाहीत. काकू बोलल्या, त्यांचा हक्क होता. एकदा काकांनी गुलाबाच्या काट्यावर अंगठा दाबून दाखवला. रक्त आलं, त्यांना कळलं नाही. “बघ,” म्हणाले, “झाडाला राग न्हाई, मला दुखनं न्हाई.” पाचव्या महिन्यात एका सकाळी माझ्या साइटवर त्यांचा फोन आला. दुसरं काही नाही, एवढंच म्हणाले: “वाशिमकर, आज काटा टोचला.” मी गेटवर, ड्युटीवर, सगळ्यांसमोर रडलो. त्याच दुपारी मामांच्या घरी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, आता कामाला लाग.

त्यांना मात्र पुन्हा काम मिळालं नाही. जातील तिथे लोक मागच्या नोकरीचं पत्र मागायचे, आणि पत्रात तो शब्द. उभ्या नोकरीत ज्यांच्या कागदावर एक डाग नव्हता, त्यांच्या शेवटच्या कागदावर ‘शिस्तभंग’. त्यांनी तक्रार केली नाही. ते म्हणतात, घरी बसून पेपर वाचायला काय वाईट आहे, पेठेत सगळे तेच करतात.

मामा, मी आता एका कंपनीत सुरक्षेचं काम बघतो, गार्ड माझ्या हाताखाली आहेत. त्यांच्या पट्ट्याला बेड्या नाहीत. क्लायंटनं मागितल्या तेव्हा मी तुमचंच बोलणं ऐकवलं. पण त्यानं तुमचं ऋण फिटत नाही. त्या वहीच्या पानाची प्रत माझ्याकडे आहे, डॉक्टरांची चिठ्ठी काकांनी जपून ठेवली आहे, आणि ते माझ्याबरोबर यायला तयार आहेत. त्या एजन्सीच्या दारात मी पुन्हा जाणार आहे, या वेळी सलाम न ठोकता. नाही ऐकलं तर कामगार कार्यालयात जाईन. तो शब्द खोडलेलं नवं पत्र घेऊन मी एक दिवस तुमच्या घरी येईन आणि ते तुमच्या हातात देईन. वेळ लागेल. तोपर्यंत तब्येत सांभाळा.